ओझोनचं भोक आणि आमचं जर्नल

लेखाच्या सुरुवातीलाच दोन गोष्टी कबूल करून टाकते. पहिली म्हणजे माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर माफ करा. 'अतिनील किरणं' म्हणजे अल्ट्राव्हायोलेट, हे मला माझ्या रूममेटनं सांगितलं. दुसरी गोष्ट जास्त सिरीयस आहे. मी जर्नलमध्ये खोटी रीडिंग्ज लिहिली आहेत.

हसू नका. 'मॅनेज करणं' हा शब्द या हॉस्टेलमध्ये कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री सीनियरचं जर्नल उघडायचं, त्यातली रीडिंग्ज घ्यायची, दशांश चिन्हानंतरचा आकडा थोडा इकडेतिकडे करायचा आणि सकाळी सही घ्यायची. इतकी वर्षं चाललंय, कुणाचं काय बिघडलं?

मलाही तेच वाटायचं. मग आमच्या लॅबमध्ये एक प्रकार घडला, आणि त्याच सुमारास सेमिनारसाठी मी 'ओझोनचा थर' हा विषय घेतला. खरं सांगायचं तर सोपा म्हणून घेतला होता. आठवीत चार्ट केला होता ना! पण वाचता वाचता लक्षात आलं की ओझोनची खरी गोष्ट त्या चार्टमध्ये नव्हतीच. ती एका वहीची गोष्ट आहे. कुणीतरी वर्षानुवर्षं रीडिंग्ज लिहिली, ती चुकीची वाटली तरी खोडली नाहीत, म्हणून आज आपल्याला हे सगळं माहीत आहे.

आधी आमच्या लॅबचं सांगते.

आमचा प्रयोग

रेफ्रिजरेशनच्या प्रॅक्टिकलला व्हेपर कम्प्रेशनची टेस्ट रिग असते, हे मेकॅनिकलवाल्यांना माहीत आहेच. बाकीच्यांनी एक उघडा-वाघडा फ्रिज डोळ्यांपुढे आणावा. त्याची प्रेशर आणि टेंपरेचर मोजायची, एनर्जी मीटर बघायचा आणि सीओपी काढायचा. खर्च केलेल्या विजेच्या किती पट उष्णता बाहेर ओढली, तो आकडा म्हणजे सीओपी. सीनियर्सच्या जर्नलमध्ये तो ३.२ होता. आमचा आला १.९.

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. 'रीडिंग चुकलंय,' असं मीच म्हणाले. कुणीतरी म्हणालं, परत घेऊया. पण मेसची वेळ झाली होती. मी रफ पान चुरगळलं आणि जर्नलमध्ये ३.१५ लिहून टाकलं. सही मिळाली. पुढचं शेवटी सांगते.

ओझोन म्हणजे नक्की किती?

आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात, ओझोनच्या रेणूत तीन. जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर, म्हणजे स्ट्रॅटोस्फिअरमध्ये, हा ओझोन जास्त प्रमाणात असतो. सूर्याच्या अल्ट्राव्हायोलेट किरणांनी ऑक्सिजनचा रेणू फुटतो. सुटा झालेला अणू दुसऱ्या ऑक्सिजनच्या रेणूला चिकटतो आणि ओझोन होतो. तो ओझोनही अल्ट्राव्हायोलेट शोषून परत फुटतो. घडणं आणि मोडणं सतत चालू असतं आणि त्यात घातक किरणं अडकून पडतात. हे गणित सिडनी चॅपमन या शास्त्रज्ञानं १९३० साली मांडलं.

'थर' म्हटलं की आपल्याला छतावरच्या पत्र्यासारखं काहीतरी वाटतं. तसं काही नाही. तो ओझोन वीस किलोमीटर जाडीच्या हवेत विखुरलेला आहे. डोक्यावरचा सगळा ओझोन गोळा करून जमिनीवरच्या प्रेशरला आणि शून्य अंशाला आणला, तर त्याची जाडी भरेल जेमतेम ३ मिलिमीटर! एकावर एक ठेवलेली दोन नाणी, बस्स. एवढ्यावर पृथ्वीवरची झाडं, माणसं, समुद्रातला प्लँक्टन हे सगळं सांभाळलं जातं.

या ३ मिलिमीटरला म्हणतात ३०० डॉबसन युनिट. १०० युनिट म्हणजे १ मिलिमीटर. पुढे हे युनिट सारखं येणार आहे, तेव्हा लक्षात ठेवा.

जमिनीवर उभं राहून आकाश मोजायचं

वीस-पंचवीस किलोमीटर वरचा गॅस खालून कसा मोजणार? ऑक्सफर्डच्या गॉर्डन डॉबसन यांनी १९२०च्या दशकात यासाठी एक यंत्र बनवलं. आयडिया फार सुंदर आहे. सूर्यप्रकाशातल्या जवळजवळच्या दोन तरंगलांबी निवडायच्या. एक अशी, जी ओझोन भरपूर शोषतो (साधारण ३०५ नॅनोमीटर), आणि एक अशी, जी तो फारशी शोषत नाही (साधारण ३२५). जमिनीवर पोचलेल्या दोन्हींच्या तीव्रतेचं गुणोत्तर बघायचं. पहिली जितकी क्षीण, तितका वाटेत ओझोन जास्त.

यंत्रात एक डायल असते. ती फिरवून जास्त उजेडाचा प्रकाश इतका मंद करायचा की मीटरचा काटा शून्यावर आला पाहिजे. मग डायलचं रीडिंग लिहायचं. व्हीटस्टोन ब्रिजमध्ये आपण काटा शून्यावर आणतो ना, तीच पद्धत! धूळ, ढग यांचा परिणाम दोन्ही तरंगलांबींवर जवळपास सारखा होतो, म्हणून गुणोत्तरात तो बराचसा निघून जातो. शंभर वर्षं होत आली, तरी ही यंत्रं अजून वापरात आहेत.

सगळ्यांचा लाडका गॅस

आता खलनायकाकडे वळू. गंमत म्हणजे सुरुवातीला तो हीरो होता. जुन्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असले विषारी गॅस असायचे. गळती झाली की माणसं मरायची. १९२८ साली अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीएफसी, म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बन, हा पर्याय काढला. जळत नाही, विषारी नाही, कशाशी रिॲक्ट होत नाही. १९३० साली मिजलीनं भर सभेत हा गॅस छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवून दाखवली!

मग काय, फ्रिज, एसी, स्प्रेचे डबे, फोम, सगळीकडे सीएफसी. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यातल्या मुख्य दोन प्रकारांचंच जगातलं उत्पादन वर्षाला सुमारे आठ लाख टन होतं.

हा गॅस शेवटी जातो कुठे, हा प्रश्न कुणाला फारसा पडला नव्हता. ब्रिटनच्या जेम्स लव्हलॉक यांनी अतिशय सूक्ष्म प्रमाण मोजणारा डिटेक्टर बनवला होता. तो घेऊन ते १९७१ साली 'शॅकल्टन' या जहाजातून अंटार्क्टिकाच्या दिशेनं निघाले. वाटेत जिथे जिथे हवा तपासली, तिथे तिथे सीएफसी सापडला. भर समुद्रात, जिथे एकही फ्रिज नाही, तिथेसुद्धा. म्हणजे आजवर सुटलेला बहुतेक गॅस हवेतच साचत होता. १९७३ साली हे छापताना मात्र त्यांनी लिहिलं की यात धोका असल्याचं दिसत नाही.

शेरवूड रोलंड आणि मारिओ मोलिना या दोघांना हे पटलं नाही. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनच्या विद्यापीठात त्यांनी एकच प्रश्न धरला. हा गॅस खाली कशानंच मोडत नाही, तर मग कुठे मोडतो? उत्तर निघालं, स्ट्रॅटोस्फिअरमध्ये. तिथल्या कडक अल्ट्राव्हायोलेटनं सीएफसी फुटतो आणि क्लोरीनचा अणू सुटतो. तो ओझोनमधला एक ऑक्सिजन पळवतो, पुढे तो दुसऱ्याला देऊन टाकतो आणि परत मोकळा होतो. कॅटॅलिस्टच तो, स्वतः संपत नाही. एक क्लोरीनचा अणू असे सुमारे एक लाख ओझोनचे रेणू संपवू शकतो. जून १९७४ मध्ये हा पेपर 'नेचर'मध्ये आला. कंपन्यांनी भरपूर टीका केली. ही नुसती थिअरी आहे, पुरावा कुठाय, असं म्हणाले.

इथे एक अभिमानाची गोष्ट सांगते. मोलिना शिकले होते केमिकल इंजिनिअरिंग, मेक्सिकोत. नायट्रोजनचे ऑक्साइड ओझोन नष्ट करू शकतात हे १९७० साली दाखवणारे पॉल क्रुत्झन तर सिव्हिलवाले! आम्स्टरडॅमला पुलांच्या कामावर होते, नंतर स्टॉकहोमला प्रोग्रॅमरची नोकरी धरून हवामानशास्त्रात शिरले. १९९५ सालचं केमिस्ट्रीचं नोबेल क्रुत्झन, मोलिना आणि रोलंड यांना मिळालं. तिघांपैकी दोघं इंजिनिअर. पुढच्या वेळी घरी कुणी 'इंजिनिअरिंग करून काय होणार' म्हणालं, तर हे सांगा.

हॅलेची वही

आता खरी गोष्ट. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर, तरंगत्या बर्फाच्या थरावर, हॅले नावाचं ब्रिटिश केंद्र आहे. १९५६ पासून तिथे डॉबसनच्या यंत्रानं ओझोन मोजतात.

पहिल्याच वर्षी घोळ झाला. उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गनच्या अनुभवावरून जेवढा ओझोन वसंतात अपेक्षित होता, त्यापेक्षा हॅलेचा आकडा जवळपास १५० युनिटनं कमी आला. इंग्लंडमध्ये डॉबसन यांना वाटलं, मोजणाऱ्याची मोठी चूक झाली किंवा यंत्र बिघडलं. नोव्हेंबरात आकडे अचानक वर गेले. दुसऱ्या वर्षीही अगदी तसंच झालं, तेव्हा कळलं की रीडिंग बरोबर होतं. दक्षिण ध्रुवाभोवतीचे वारे हिवाळ्यात असं कडं करतात की बाहेरची ओझोनवाली हवा आत येतच नाही. ते कडं मोडलं की येते. म्हणजे ३००च्या आसपासचा ऑक्टोबर हा हॅलेचा नैसर्गिक ऑक्टोबर होता. पहिल्या वर्षीचे आकडे 'चूक' म्हणून कुणी बदलले असते, तर पुढच्या तुलनेला पायाच राहिला नसता.

त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं बर्फात राहणारी माणसं रोज सूर्याकडे यंत्र धरून आकडे लिहीत राहिली. उगाच लिहिताय, यातून काय मिळतं, असं कुणालाही वाटलं असतं. सगळे कागद केंब्रिजला यायचे आणि साठायचे. १९७७ साली जोनाथन शँकलिन हा तरुण तिथे नोकरीला लागला. ते कागद कॉम्प्युटरमध्ये चढवणं हे त्याचं एक काम होतं. डेटा एंट्री! आपण याला 'क्लार्कचं काम' म्हणून नाक मुरडलं असतं.

पुढे संस्थेत लोकांसाठी ओपन डे होता. तोवर सीएफसीची भीती पेपरात येत होती. शँकलिनला वाटलं, घाबरायचं कारण नाही हे दाखवू. यंदाचे आकडे आणि वीस वर्षांपूर्वीचे आकडे शेजारी शेजारी ठेवू, ते सारखेच दिसतील. आलेख काढला, तर सारखे नव्हते. वसंतातला ओझोन दरवर्षी खाली खाली येत होता.

त्याचे वरिष्ठ जो फार्मन. त्यांनी आनंदानं उडी मारली नाही आणि आकडे फेकलेही नाहीत. आधी यंत्रावर संशय घेतला. जुनं यंत्र बदलून दुसरं पाठवलं. तेही तेच सांगू लागलं. मग अर्जेंटाइन आयलंड्स या दुसऱ्या केंद्राचे आकडे बघितले. तिथेही घट होती, थोडी कमी. तेव्हा फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि शँकलिन यांनी पेपर लिहिला. तो २४ डिसेंबर १९८४ ला 'नेचर'कडे पोचला आणि १६ मे १९८५ ला छापून आला. ऑक्टोबरचा ३०० युनिटचा ओझोन २००च्या आसपास आला होता. एक तृतीयांश गायब!

हे त्या काळच्या कुठल्याच थिअरीत बसत नव्हतं. सगळ्यांचा अंदाज होता की शंभर वर्षांत काही टक्के घट होईल, तीही खूप उंचावर.

उपग्रहाला दिसलं नाही का?

हा प्रश्न तेव्हाही सगळ्यांनी विचारला. १९७८ पासून नासाचा निंबस-७ उपग्रह रोज पृथ्वीभरचा ओझोन मोजत होता. त्याला एवढं मोठं भोक दिसलं नाही?

यावर एक प्रसिद्ध किस्सा सांगतात. नासाच्या कॉम्प्युटरनं कमी आकडे 'अशक्य' म्हणून कचऱ्यात टाकले, असं म्हणतात. मीही सेमिनारच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये तेच लिहिलं होतं. पण पूर्ण खरं ते नाही. १८०च्या खालचा आकडा आला की प्रोग्रॅम त्यावर 'संशयित' अशी खूण करायचा. आकडा मात्र जपून ठेवला जायचा. १९८४ साली पी. के. भारतिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की ऑक्टोबर १९८३ च्या डेटात अशा खुणा भरमसाट वाढल्यात. त्यांनी जमिनीवरच्या रीडिंगशी ताडून बघितलं. ऐन दक्षिण ध्रुवावरच्या केंद्राचं रीडिंग ३००च्या आसपास होतं. म्हणजे उपग्रहच चुकतोय? नंतर कळलं की चूक त्या जमिनीवरच्या रीडिंगमध्ये होती!

नासाची टीम हे उलगडत होती, तोवर ब्रिटिशांचा पेपर आला. पण जपून ठेवलेल्या डेटामुळे एक गोष्ट झाली, जी हॅलेच्या एका ठिकाणच्या वहीतून कधीच झाली नसती. पूर्ण नकाशा तयार झाला. घट सगळ्या अंटार्क्टिकावर पसरलेली दिसली आणि जगानं ते चित्र बघितलं.

माझ्या मते या सगळ्या गोष्टीचं सार इथे आहे. रीडिंगवर संशय घेणं वाईट नाही. डॉबसननं घेतला, फार्मननं घेतला, नासानंही घेतला. शेजारी खूण करणं वेगळं आणि खोडून टाकणं वेगळं.

भोक ध्रुवावरच का?

फ्रिज तर आपल्याकडे, मग भोक अंटार्क्टिकावर कसं? याचं उत्तर सुझन सॉलोमन या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी सुचवलं. तेव्हा त्या फक्त तिशीच्या होत्या. स्ट्रॅटोस्फिअरमध्ये क्लोरीन बहुतेक वेळ बांधून ठेवलेला असतो, हायड्रोजनबरोबर किंवा नायट्रोजनच्या ऑक्साइडबरोबर. अशा अवस्थेत तो ओझोनला हात लावत नाही. पण अंटार्क्टिकाच्या लांबलचक रात्री वरची हवा उणे ७८ अंशांच्याही खाली जाते आणि तिथे ढग तयार होतात. त्या ढगांच्या कणांवर हे दोन बांधलेले प्रकार एकमेकांना भेटतात आणि क्लोरीन वायू मोकळा होतो. अंधार असेपर्यंत तो नुसता बसून राहतो. सप्टेंबरमध्ये सूर्य वर आला की फुटतो, आणि मग काही आठवड्यांत तिथल्या ओझोनचा फडशा!

१९८६ साली सॉलोमन स्वतः अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो केंद्रावर गेल्या आणि छतावर आरसे लावून चंद्रप्रकाशसुद्धा यंत्रात घेतला. पुढच्या वर्षी चिलीतल्या पुंता अरेनासहून ईआर-२ हे एका पायलटचं विमान थेट भोकात घुसलं. हार्वर्डच्या जेम्स अँडरसन यांचं यंत्र त्यात होतं. आलेखावर दोन रेषा आल्या. जिथे क्लोरीन मोनॉक्साइड वर जातो, तिथेच ओझोन खाली कोसळतो. अगदी आरशातल्या प्रतिबिंबासारखं. त्यातलं सगळ्यात गाजलेलं उड्डाण १६ सप्टेंबर १९८७ चं. योगायोग बघा, त्याच दिवशी मॉन्ट्रियलला सीएफसी कमी करण्याच्या करारावर सह्या होत होत्या. आपण १६ सप्टेंबरला ओझोन दिन पाळतो तो म्हणूनच.

मग प्रश्न सुटला का?

बराचसा. मॉन्ट्रियल करार जगातल्या सगळ्या देशांनी मान्य केला. भारत १९९२ मध्ये सामील झाला आणि २०१० पर्यंत आपल्याकडचे सीएफसी बंद झाले. पण वर गेलेला गॅस लगेच खाली येत नाही. सीएफसी-११ हवेत सरासरी ५० वर्षं राहतो, सीएफसी-१२ सुमारे १०० वर्षं. २००६ मध्ये भोक जवळपास २ कोटी ९० लाख चौरस किलोमीटरपर्यंत पसरलं होतं, म्हणजे सुमारे नऊ भारत! २०२० ते २०२३ ही ओळीनं चार वर्षं ते डिसेंबरपर्यंत टिकलं, २०२४ चं त्या मानानं लहान होतं. हवामानानुसार असं वर-खाली चालतं. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अहवालाप्रमाणे करार नीट पाळला तर अंटार्क्टिकावरचा ओझोन २०६६ च्या सुमारास १९८० सारखा होईल. तेव्हा मी आजी झालेली असेन.

'पाळला तर' हे मुद्दाम लिहिलं. २०१८ साली स्टीफन मॉन्झ्का आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की २०१२ नंतर हवेतला सीएफसी-११ कमी होण्याचा वेग निम्म्यावर आलाय. कागदोपत्री जगात उत्पादन जवळपास शून्य होतं. सगळ्या देशांचं जर्नल 'बरोबर' होतं! पण हवा वेगळंच सांगत होती. कोरिया आणि जपानच्या बेटांवरच्या रीडिंग्जमधून २०१९ मध्ये कळलं की त्यातला मोठा भाग पूर्व चीनमधून येतोय. त्यानंतर कारवाई झाली आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनांनुसार गळती पुन्हा बरीच खाली आली. कुणीतरी कंटाळवाणं मोजमाप चालू ठेवलं होतं, म्हणून चोरी पकडली गेली.

आपल्या जवळचं

हे सगळं आपल्यापासून फार लांब नाही. पुण्यात हवामान खात्याचं ऑफिस आहे ना, ज्याला पुणेकर अजून शिमला ऑफिस म्हणतात, त्या खात्यानं पुण्यातच फुग्याबरोबर सोडायचं ओझोन मोजणारं भारतीय यंत्र तयार केलं. अंटार्क्टिकावरच्या आपल्या 'मैत्री' केंद्रावरूनही ओझोन मोजण्यासाठी असे फुगे सोडले गेलेत. आणि आपल्या सगळ्या अंटार्क्टिका मोहिमांची सूत्रं हलतात ती गोव्यातून, वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून.

मेकॅनिकलवाल्यांसाठी एक खास माणूस. व्ही. रामनाथन, तमिळनाडूत इंजिनिअरिंग शिकले. पहिली नोकरी सिकंदराबादला, रेफ्रिजरेशनच्या कंपनीत. काम काय, तर मशीनमधला गॅस गळतो कसा ते शोधणं! पुढे अमेरिकेत गेल्यावर १९७५ साली त्यांनीच दाखवलं की सीएफसीचा एक रेणू कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूपेक्षा सुमारे दहा हजार पट जास्त उष्णता अडवतो. म्हणजे ओझोनचा शत्रू तापमानवाढीचाही मित्र. आपल्या रिगमधला आर-१३४ए ओझोनला काही करत नाही, पण उष्णता तोही अडवतो. म्हणून २०१६ साली किगालीला त्याच्यासारख्या गॅसवरही मर्यादा ठरल्या. भारताला त्यांचा वापर २०२८ पासून गोठवायचा आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी कमी करायचाय. ते काम करायला कोण असणार? आपणच. म्हणजे आज जे जर्नल मॅनेज करतायत ते.

परत आमच्या लॅबमध्ये

पाचेक आठवड्यांनी रिग थंडच करेना. लॅबच्या काकांनी जोडांवर साबणाचा फेस लावून बघितलं. एका फ्लेअर नटपाशी बुडबुडे येत होते. गॅस जवळजवळ संपला होता. सरांनी विचारलं, गळती कधीपासून असेल? म्हणून चारही बॅचेसची जर्नल्स काढली. पहिल्या बॅचचा सीओपी ३.२. दुसरीचा ३.१५. तिसरीचा ३.१८. चौथीचा ३.२. कागदावर मशीन ठणठणीत होतं, आणि प्रत्यक्षात दर आठवड्याला गॅस हवेत जात होता. आमचं १.९ खरं होतं. आमच्या चौघांच्या हातात ते रीडिंग आलं होतं आणि मी ते चुरगळून टाकलं होतं.

मी सरांना जाऊन सांगितलं. वाटलं होतं, भरपूर बोलणी खाणार. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ते रफ पान आहे का?"

नव्हतं. बोलणी परवडली असती.

नट बदलून, गॅस भरून प्रयोग परत केला. यावेळी मेस चुकली तरी तीन वेळा रीडिंग घेतलं. सीओपी आला २.८. आम्ही २.८ लिहिलं आणि शेजारी पेन्सिलनं लिहिलं, 'मागच्या वर्षीपेक्षा कमी. कारण माहीत नाही.' सरांनी त्यावर सही केली. कारण अजून सापडलेलं नाही, आमचं शोधणं चालू आहे.

तेव्हा ज्युनियर्स, माझं जर्नल मागायला आलात तर जरूर देईन. फक्त त्यातलं २.८ तुमच्या कामाचं नाही. तुमचं जे येईल ते तुम्ही लिहा.